मालदीवला ॲनिव्हर्सरी करताय? आधी बेट बघा, व्हिला नंतर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. राहायला घोडबंदर रोडला, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लग्नाला २५ वर्षं पूर्ण होतायत, चार रात्री मालदीवला जायचंय, दोघंही शाकाहारी, वहिनींना पोहता येत नाही आणि पाण्याची जरा भीतीच आहे, बजेट सगळं धरून ४ लाख. वॉटर व्हिलाच (समुद्रात खांबांवर उभी असलेली खोली) हवाय कारण मुलगी म्हणते मालदीवला जाऊन वॉटर व्हिला नाही घेतला तर गेलात कशाला. सी-प्लेनमध्ये बसायची तुमची स्वतःची हौस आहे. आणि तीन रिसॉर्ट निवडून ठेवलीत पण तिघांचे फोटो इतके सारखे की कुठलं घ्यावं कळत नाहीये.

फोटो सारखे असणारच हो. निळं पाणी, लाकडी जेट्टी, पूलमध्ये तरंगणारा नाश्त्याचा ट्रे. नौपाड्यात बसून मी इतकी वर्षं हेच काम करतोय, तरी नाव झाकून फोटो दाखवलात तर हे कुठलं बेट ते मलाही सांगता यायचं नाही. (त्या तरंगत्या ट्रेचे बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे लागतात, आणि फोटो काढून होईपर्यंत टोस्ट गार झालेला असतो, पण ते असो.)

मालदीवमध्ये एक रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेट असतं, आणि इथेच ते गोवा, बाली, फुकेतपेक्षा वेगळं पडतं. गोव्यात हॉटेलातलं जेवण आवडलं नाही तर रिक्षा करून दुसरीकडे जाता येतं, कंटाळा आला तर बाजारात फिरता येतं. इथे बाहेर म्हणजे समुद्र. चार दिवस तुम्ही जे खाणार, पिणार, चालणार, बघणार ते सगळं त्या अर्ध्या-एक किलोमीटरच्या तुकड्यावर. म्हणून खोली कशी आहे हा माझ्या लेखी शेवटचा प्रश्न. आधी बेट विमानतळापासून किती लांब, तिथे कशाने पोचायचं, भोवतीचं पाणी कसं आणि ताटात काय पडणार, हे बघायचं.

पोचण्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त लोकांचं गणित तिथेच चुकतं. मुंबईहून मालेला डायरेक्ट विमान अडीच-तीन तासात पोचवतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की जवळच आहे. पण माले विमानतळावर उतरलात की निम्मंच काम झालेलं असतं. जवळची बेटं, म्हणजे नॉर्थ माले आणि साउथ माले अटॉलमधली (अटॉल म्हणजे प्रवाळाच्या कड्यावरचा बेटांचा समूह), तिथे स्पीडबोट जाते, वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत, आणि बहुतेक रिसॉर्टची रात्रीसुद्धा असते. लांबच्या अटॉलना सी-प्लेन, नाहीतर देशांतर्गत विमान आणि पुढे बोट.

सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. साधारण सकाळी सहापासून दुपारी चारच्या आसपासपर्यंत, कारण पाण्यावर उतरायला पायलटला पाणी दिसावं लागतं. म्हणजे तुमचं विमान दुपारी तीन-साडेतीनच्या आत मालेला उतरलं पाहिजे. नंतर उतरलात तर ती रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमालेच्या हॉटेलात, आणि रिसॉर्टची रात्र बुक असेल तर तिचे पैसेही गेले. परतीला पण तेच. सकाळी लवकरचं विमान असेल तर सी-प्लेन तुम्हाला वेळेत आणूच शकत नाही, आदल्या दिवशीच बेट सोडावं लागतं. शिवाय त्याची नक्की वेळ आदल्या संध्याकाळी कळते, मधे दुसऱ्या एखाद्या बेटावर थांबू शकतं, लाउंजमध्ये दोन-तीन तास बसायला लागू शकतं. आपल्याकडे ९.१२ ची ठाणे लोकल चुकली तर चार मिनिटात दुसरी येते, ती सवय इथे कामाची नाही.

खर्च बघा आता. सी-प्लेनचं जाऊन-येऊन तिकीट माणशी साधारण ४०० ते ६०० डॉलर. मधला आकडा धरू, ५०० गुणिले दोन, म्हणजे १,००० डॉलर, हिशोबाला डॉलर ९० रुपये धरला तर ९० हजार. तुमच्या ४ लाखातले ९० हजार नुसते विमानतळ ते बेट. स्पीडबोटीला बहुतेक ठिकाणी माणशी १०० ते २५० डॉलरमध्ये जाणं-येणं होतं. सामानाची मर्यादा पण आहे, साधारण २० किलो चेक-इन आणि ५ किलो हातात, वर जाईल त्याचे किलोमागे पैसे.

म्हणून चार रात्रींसाठी मी तुम्हाला सी-प्लेनचं बेट सुचवणार नाही. दोन्ही बाजूचा मिळून जवळपास एक दिवस जातो आणि पैसेही. सात रात्री असत्या, तुम्ही डायव्हिंगवाले असतात, बा अटॉलमधल्या हनिफारूच्या मांटा रे (मोठे, चपटे, पंखवाले मासे) बघायच्या असत्या तर गोष्ट वेगळी, पण तो सीझन जून ते नोव्हेंबर, डिसेंबरात तुमच्या उपयोगाचा नाही. हौसेचं म्हणाल तर वरून अटॉल दिसतात ते खरंच बघण्यासारखं असतं, निळ्यात निळ्याच्या दहा छटा, आणि पंधरा-सोळा माणसांचं ते छोटं ट्विन ऑटर, पायलट अनवाणी. पण आवाज प्रचंड असतो, आत टॉयलेट नाही, आणि ते पाण्यावर उतरतं तेव्हा खिडकीवर तुषार उडतात. वहिनींना पाण्याची भीती असेल तर हे आधी सांगून ठेवा. नुसती हौसच फेडायची असेल तर काही रिसॉर्टवरून पंधरा-वीस मिनिटांची फेरी मिळते, ती विचारून बघा.

स्पीडबोटीचं बेट घेताना अगदी जवळचंही घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटांवरच्या बेटांवरून रात्री मालेचे दिवे दिसतात, डोक्यावरून विमानं जातात. बोटीने पस्तीस ते पन्नास मिनिटं हा मला सगळ्यात बरा पट्टा वाटतो. बोटीत मागे बसा, पुढे आपट्या जास्त बसतात, आणि वहिनींना बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, बोटीत बसल्यावर नाही.

आता किमतीकडे. वेबसाइटवर किंवा एजंटच्या मेसेजमध्ये दराच्या पुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर समजायचं की अजून वर बरंच काही लागणार आहे. १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्याच्यासकट रकमेवर पर्यटन जीएसटी, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी दिवसाला १२ डॉलर, तो जानेवारी २०२५ पासून दुप्पट केला, आधी ६ होता. करून दाखवतो. ५०० डॉलरची रात्र, त्यावर १० टक्के म्हणजे ५५०, त्यावर १७ टक्के म्हणजे ६४३.५०, दोघांचा ग्रीन टॅक्स २४, झाले ६६७.५०. चार रात्रींचे २,६७०. तुम्ही मनात २,००० धरून बसलेले असता आणि चेकआउटला ६७० वर निघतात, म्हणजे ६० हजार रुपये. म्हणून कोटेशन मागताना एकच वाक्य लिहा, ‘सगळे टॅक्स, ग्रीन टॅक्स आणि ट्रान्सफर धरून दोघांचे एकूण किती’. आपल्याकडच्या एजंटकडून पॅकेज घेतलंत तर इथला ५ टक्के जीएसटी आणि टीसीएस (एजंट आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरतो तो कर) वेगळा येतो. टीसीएसचा दर बजेटमध्ये बदलत असतो, बुकिंगच्या दिवशी चालू असेल तो विचारा, आणि तो गेलेला पैसा नाही, पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. सीएला सांगायला मात्र विसरू नका.

जेवणाचं. हे शाकाहारी माणसाने खोलीच्या आधी बघायचं. बेटावर दुसरा पर्याय नाही हे मघाशी बोललो, आणि नुसता ब्रेकफास्ट घेऊन गेलात तर एकेका पदार्थाला तीस-चाळीस डॉलर आणि वर तेच टॅक्स, पास्ता आणि पाण्याची बाटली असं म्हणता म्हणता जेवणाचं बिल शंभरावर जातं. चार रात्रींसाठी फुल बोर्ड (तिन्ही वेळचं खाणं) नाहीतर ऑल इनक्लुझिव्ह (खाण्यासोबत ड्रिंक्सही) घ्या. दोघंही ड्रिंक्स घेत नसाल तर ऑल इनक्लुझिव्हचे पैसे फुकट जातात, फुल बोर्ड पुरे, फक्त त्यात पिण्याचं पाणी आणि चहा-कॉफी धरलीय का हे विचारा, काही ठिकाणी दुपारच्या-रात्रीच्या जेवणात पाणीसुद्धा वेगळं लावतात, हे ऐकून माझे क्लायंट आधी हसतात आणि मग बिल बघतात. बुफेवाली मोठी रिसॉर्ट शाकाहाऱ्यांना जास्त सोयीची, भारतीय काउंटर बहुतेक ठिकाणी असतो, किचनमध्ये आपले शेफ भरपूर असतात. फक्त दोन छोटी आ ला कार्ट रेस्टॉरंट असलेलं नाजूक, महागडं बेट घेतलंत तर तिसऱ्या दिवशी रिसोटो बघून वहिनी बॅगेतला खाकरा काढतील. फिश सॉस, अंडं, चीजमधलं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते, बऱ्याचदा वासराच्या पोटातलं) वगैरे चालत नसेल तर मेलवर स्पष्ट लिहा. ‘व्हेज’ एवढ्याच शब्दावर विसंबू नका.

आता पाणी. हे करायला पैसे लागत नाहीत आणि तरी कोणी करत नाही. फोनवर गुगल मॅप उघडा, रिसॉर्टचं नाव टाका, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि झूम करा. बेटाच्या भोवती फिकट फिरोजी रंगाचा पट्टा दिसेल, तो लगून, म्हणजे उथळ पाणी, खाली वाळू. त्याच्या कडेला तपकिरी-काळपट ठिगळं दिसतील, ते प्रवाळ, आणि त्याच्या पलीकडे एकदम गडद निळा, तिथे तळ खोल जातो. गडद निळा रंग किनाऱ्याला चिकटलेला असेल तर हाउस रीफ, म्हणजे बेटालगतचं प्रवाळ, जवळ आहे, किनाऱ्यावरून पाण्यात गेलात की मासे, स्नॉर्कलिंगवाल्यांसाठी (मास्क आणि नळी लावून पाण्याखाली बघणाऱ्यांसाठी) उत्तम, पण न पोहणाऱ्यासाठी नाही, कारण चार पावलांवर खोल आणि कधीकधी ओढही असते. उलट फिकट पट्टा शंभर-दोनशे मीटर रुंद असेल तर कमरेएवढ्या पाण्यात निवांत उभं राहता येतं, लाटा नाहीत, पायाखाली वाळू. वहिनींसाठी हे हवं. मासे कमी दिसतील, पण छोटे ब्लॅकटिप शार्क त्या उथळ पाण्यात काठाकाठाने फिरताना दिसतात, हातभर लांब, काही करत नाहीत, त्यांनाच तुमची भीती असते. तुम्हाला स्नॉर्कलिंग करायचंच असेल तर रिसॉर्टची बोट रीफवर नेते, अर्ध्या दिवसाची ट्रिप घ्या. १९९८, २०१६ आणि परत २०२४ मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं, त्यामुळे जुने फोटो बघून रंगीबेरंगी बागेची अपेक्षा ठेवू नका, मासे आणि कासवं मात्र आहेत.

त्याच सॅटेलाइट फोटोत अजून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे झाडी. बेट मधे हिरवंगार, नारळाने भरलेलं असेल तर ते मूळचं बेट. सरळ रेषेत कापल्यासारखं, रोपटी लावलेली, पांढरं फटक असेल तर बहुधा समुद्रातली वाळू उपसून भराव टाकून केलेलं. तिथे इमारती चकचकीत असतात पण सावली नसते आणि दुपारी बारा ते चार खोलीतच बसावं लागतं. दुसरं, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर दगडांच्या रांगा दिसल्या तर ते लाटा अडवायचे बांध. वाळू धुपते म्हणून घालतात, त्यात गैर काही नाही, पण तुमच्या ‘ओशन व्ह्यू’ बीच व्हिलासमोर समुद्र दिसायच्या जागी दगडांची भिंत येऊ शकते. एका जोडप्याच्या वेळी मी नुसता हा फोटो पाठवून त्यांना खोली जेट्टीच्या दुसऱ्या बाजूला मागून घ्यायला लावली होती, भाडं तेच.

दिशा पण त्यातच बघा. डिसेंबर ते एप्रिल तिकडे वारा ईशान्येकडून असतो, त्यामुळे बेटाची पूर्व बाजू जरा खळखळती आणि पश्चिम बाजू शांत. पश्चिमेलाच सूर्यास्त. म्हणून डिसेंबरात ‘सनसेट’ व्हिलाचे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, फायदा दुहेरी आहे. मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा मान्सून, तेव्हा सगळं उलटं.

आता तुमचा वॉटर व्हिला, म्हणजे मुलीचा. फोटोत दिसत नाही ते सांगतो. तो खांबांवर असतो, त्यामुळे वारा असेल तर रात्रभर खालून पाण्याचा आवाज, काहींना अंगाईसारखा वाटतो, काही जण दोन वाजता उठून बसतात. डेकवरून शिडी थेट समुद्रात, खाली पाणी कधी छातीएवढं कधी डोक्यावरून, भरती-ओहोटीप्रमाणे. जेट्टीच्या टोकाचा व्हिला असेल तर जेवायला जायला दहा-दहा मिनिटं चाल, तीही सावली नसलेल्या लाकडी पुलावरून, नाहीतर बग्गीची वाट बघा. बीच व्हिलात दार उघडलं की वाळू, झाडाची सावली, पाच पावलांवर गुडघाभर पाणी, आंघोळीची जागा बऱ्याचदा उघड्या आकाशाखाली. डास संध्याकाळी असतात, तेवढं क्रीम लावा. दर बहुतेक ठिकाणी वॉटर व्हिलापेक्षा कमी.

तुमच्यासाठी माझं मत असं आहे की पहिल्या दोन रात्री बीच व्हिला, पुढच्या दोन वॉटर व्हिला, एकाच रिसॉर्टमध्ये. क्रम हाच ठेवा. पहिले दोन दिवस वहिनी उथळ पाण्यात रुळतील, लाइफ जॅकेट घालून तरंगून बघतील, मग खांबावरची खोली त्यांना सजा वाटणार नाही. उलटं केलंत तर पहिल्याच रात्री ‘आपण खाली पडलो तर’ सुरू होईल. सामान स्टाफ हलवतो, फक्त मधल्या दिवशी जुनी खोली बाराला सोडून नवी दोन-तीनला मिळते, तेवढा वेळ पोहण्याचे कपडे, चार्जर, औषधं हाताशी ठेवा. ॲनिव्हर्सरीची तारीख वॉटर व्हिलाच्या रात्रीत येईल असं बसवा. आणि निघायच्या आधी महिनाभर तुमच्या कॉम्प्लेक्सच्या पूलमध्ये उथळ बाजूला उभं राहून वहिनींना मास्क लावून तोंड पाण्यात बुडवायची सवय करायला सांगा. पोहणं शिकायची गरज नाही, नळीतून श्वास घेता आला की निम्मी भीती जाते.

हवामानाचं खरं सांगायचं तर डिसेंबरचा दुसरा आठवडा हा उंबरठ्यावरचा काळ आहे. कोरडा सीझन डिसेंबर ते एप्रिल म्हणतात, पण जानेवारी ते मार्च जास्त भरवशाचा. डिसेंबरात एखादी सर येऊन जाते, तासाभरात परत ऊन. फायदा असा की २० तारखेच्या पुढे नाताळ-नवीन वर्षाचे दर लागतात, अनेक ठिकाणी गाला डिनरची सक्ती आणि त्याचे माणशी शेकडो डॉलर, ते तुम्ही वाचवताय. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर लग्न लावलं त्या भटजींचे आभार माना.

मालदीवच का, असंही खाली दोघांनी विचारलंय, तर तारीख डिसेंबरची आहे म्हणून पटापट सांगतो. बाली तेव्हा पावसात असतं, आणि पश्चिमेच्या किनाऱ्यांवर त्या महिन्यांत कचरा वाहून येतो, बालीला एप्रिल ते ऑक्टोबर जावं. सेशेल्सला डिसेंबर-जानेवारी पावसाचे. मॉरिशसला तेव्हा उन्हाळा आणि चक्रीवादळांचा सीझन सुरू झालेला. पण मॉरिशस मला मनापासून आवडतं, बेट मोठं आहे, रोज वेगळीकडे जाता येतं, शाकाहाराची ददात नाही आणि तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेला मराठी समाज आहे, शाळेत मराठी शिकवतात. मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात जा, आणि जून ते ऑगस्ट गेलात तर बेल मारचा पूर्व किनारा टाळून पश्चिमेला फ्लिक ऑं फ्लाककडे राहा, पूर्वेला वारा फार. फुकेत-क्राबी डिसेंबरात एक नंबर, पण को सामुई तेव्हा नको, तिथला पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. श्रीलंकेचा बेंटोटा-मिरिसाचा दक्षिण किनारा डिसेंबर ते मार्च चांगला, त्रिंकोमालीची बाजू मात्र उन्हाळ्यात. लक्षद्वीपला परमिट लागतं, खोल्या मोजक्या, तारखेला हवी तशी खोली मिळेल याची खात्री नसते, ॲनिव्हर्सरीसाठी मी तो धोका घेत नाही.

अंदमानबद्दल चार ओळी जास्त, कारण ४ लाखात तिथे अगदी राजेशाही होतं आणि पासपोर्ट लागत नाही. विमान बऱ्याचदा चेन्नई किंवा कोलकात्यावरून, पोर्ट ब्लेअर ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे तिथे, मग बोटीने हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. तिथे ‘बीच रिसॉर्ट’ हा शब्द जपून घ्या. पूर्व किनाऱ्याला, गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला, ओहोटीला पाणी लांब मागे सरतं आणि खडक-प्रवाळ उघडं पडतं, सकाळी समुद्र आणि दुपारी चिखल-दगड. पोहण्याजोगी वाळू हवी तर पश्चिमेचं राधानगर. घड्याळ आपलंच असल्यामुळे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, साडेपाचपर्यंत अंधार, म्हणजे दिवस पहाटे सुरू करायचा. खराब हवेत फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्री विजयपुरममध्येच मुक्काम. सेल्युलर जेल तेव्हाच बघून घ्या. वहिनींची भीती जास्त असेल, किंवा ‘एकाच बेटावर चार दिवस करायचं काय’ असं घरात कोणी म्हणत असेल, तर अंदमान हा कमी दर्जाचा पर्याय समजू नका.

मालदीवच पक्कं असेल तर कागदपत्रं. व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो, परतीचं तिकीट आणि बुकिंग दाखवावं लागतं. पासपोर्टला सहा महिने शिल्लक ठेवा म्हणजे एअरलाइनच्या काउंटरवर वाद नको. इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म जाताना आणि येताना ९६ तासांच्या आत भरायचा, तो सरकारी साइटवर फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी. ड्यूटी फ्रीची बाटली मालेला कस्टममध्ये काढून घेतात आणि परत जाताना देतात. पूजेसाठी मूर्ती न्यायला तिथे मनाई आहे, तेव्हा बॅगेतला छोटा गणपती घरीच राहू दे. शिंपले-प्रवाळ उचलून आणू नका, तेही मना.

रिसॉर्ट ॲनिव्हर्सरीला केक, पलंगावर फुलं, एखादं कँडल लाइट डिनर देतात, पण काही जण लग्नाचं सर्टिफिकेट मागतात, काहींचा लाभ चार रात्रींच्या पुढेच, काहींचा ठराविक वर्षांनाच, २५ त्यात बहुतेक बसतं. आपल्याकडे २५ वर्षांपूर्वी लग्न झालेल्या कितीतरी जणांकडे पत्रिका आणि अल्बम असतो, सर्टिफिकेट नसतं. तुमचं नसेल तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विवाह नोंदणी आत्ताच करून घ्या, उशिराचा दंड किरकोळ असतो, आणि ते पुढे पासपोर्ट-व्हिसाला उपयोगीच पडतं.

अजून एक, काही बेटं आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. त्यामुळे परतीच्या बोटीची वेळ कळवतील तेव्हा बेटाची की मालेची हे विचारून घ्या.

तुमच्या तिन्ही रिसॉर्टबद्दल म्हणाल तर पहिलं सी-प्लेनचं आहे, ते सोडा. उरलेली दोन्ही स्पीडबोटीची आहेत, मी सॅटेलाइटवर पाहिली. एकाला पश्चिमेला रुंद लगून आणि मधे चांगली झाडी आहे, दुसऱ्याला रीफ अगदी किनाऱ्याला लागून. वहिनींच्या दृष्टीने रुंद लगूनवालं. त्या रिसॉर्टच्या रिझर्वेशनला मेल टाका, तारखा, दोन अधिक दोन रात्री, पश्चिम बाजू, जेट्टीच्या मधला व्हिला, टोकाचा नको, फुल बोर्डात पाणी धरलंय का, शाकाहारी रोजचा मेनू पाठवा, २५ व्या ॲनिव्हर्सरीला काय देता आणि रद्द केलं तर कुठल्या तारखेपर्यंत पूर्ण पैसे परत. दोन-तीन दिवसांत मुद्द्याला धरून उत्तर आलं तर पुढे जा. नुसतं ब्रोशर चिकटवून पाठवलं तर मला सांगा, त्याच अटॉलमधलं दुसरं बघू.